रागिणीच्या वेणीतली फीत

अमरावतीत लेकरांच्या डॉक्टरकडे नातीचा कान दाखवायला बसली होती मी. मागच्या बाकावर वलगावच्या दोघी बहिणी. हळू बोलावं, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

"ताई, समीक्षाचा ताप उतरूनच नाही राहिला."

"खरं सांग मंदे, तू त्या लिंबूवाल्या बाबाकडे गेलती का?"

"गेलती. मंग काय करू? मॅडमनं आपल्या समीक्षाले कबड्डीची कॅप्टन केलं, तवापासून ते रागिणी जळून राहिली. रोज डबा सांडे, वेणी ओढे. बाबा म्हणे, तिच्या अंगावरचं काही आण."

"काय नेलं?"

"तिच्या वेणीतली लाल फीत. शाळा सुटल्यावर गर्दीत ओढून घेतली. बाबानं मंतरून पुरली. म्हणे, जिची फीत, तीच अंथरुणाले खिळन."

"आन् खिळली कोण?"

"काल समीक्षा मले सांगे, आई, रागिणीनं माही लाल फीत हिसकून घेतलती वं."

"अवं माय. मंग उकरून काढ ना."

"काढली. बाबा म्हणे, आता वापस नाही होत. दुसऱ्या पोरीची फीत आणशील, तं तिच्यावर जाईन."

"रागिणीचीच आण मंग."

"तिच्या मायनं तिले मामाकडे बाळापूरले धाडली."

 मग धाकटी पुढे वाकली.

"आजी, किती लांब केस हायेत हो तुमच्या नातीचे."

मी नातीच्या दोन्ही फिती सोडून माझ्या कमरेला खोचल्या.

"उवा झाल्या तिले. तुमचा नंबर आला, जा."