अख्खं फोल्डर उचल

कॉम्प्युटरला फार शहाणं समजू नका, राव. आमच्या हिमरू शालींच्या दुकानाचं ॲप शकीलनं बनवलं. शकील म्हणजे उस्मानपुऱ्यातल्या माझ्या मित्राचा मुलगा. त्याच्या लॅपटॉपवर एकेक शाल झकास दिसायची, पण माझ्या फोनवर नुसती नावं आणि रिकामे चौकोन! खुलताबादच्या हाजराबी त्याच दुपारी लेकीच्या लग्नासाठी ॲपवर शाली बघणार होत्या.

शकील म्हणाला, "काका, ॲप बांधताना प्रोग्राम फक्त कोड उचलतो. फोटो घ्यायचे ते वेगळं सांगावं लागतं. राहूनच गेलं."

"म्हणजे पावती पोचली अन् गठ्ठा दुकानातच! मग सांग त्याला, फोटोंचं अख्खं फोल्डर उचल."

"अख्खं? एकदा नजर तर टाकू."

"नजर टाकेपर्यंत गिऱ्हाईक जाईल रे!"

दुपारी हाजराबींचा फोन आला. "शेठ, सगळ्या शाली बघितल्या. ती मिशीवाली काढून ठेवा."

मी घाईनं ॲप उघडलं. डोक्यावरून शाल घेतलेला, आरशासमोरचा मीच! घरात कुणी नसताना शाल कुठवर येते ते बघायला काढलेला फोटो.

"बाई, तो चुकून आला. आत्ता काढायला लावतो."

"नको, राहू द्या. बाकी समद्या घडी घातलेल्या. अंगावर कशी पडते, ते ह्या एकाच फोटोत कळलं. लेकीला हीच पाहिजे." अन् फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "फक्त पुढच्या फोटोला दाढी तरी करत जा."