बाबांचा सरकारी भाडेकरू

भाडेकरूंचं तुम्ही मला सांगू नका यार, आधी आमच्या बाबांचं ऐका.

बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, आम्ही दिल्लीत सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये. गुडगावला नवे सेक्टर वसत होते तेव्हा त्यांनी तिथे घर बांधलं आणि एका कोर्टाला भाड्याने दिलं. भाडंही मुद्दाम कमी लावलं. म्हणायचे, "सरकारी भाडेकरू आहे. मी रिटायर झालो की बिल्कुल वेळेवर सोडेल."

रिटायरमेंट जवळ आली आणि कळलं, खर्च कमी करायला दोन कोर्टं एका जागी आणणार. बाबा खूश. आपल्याकडचं कोर्ट दुसऱ्याच्या जागेत जाणार, असं ते धरूनच चालले. कोणाला विचारलंसुद्धा नाही. आम्ही क्वार्टर सोडलं, ट्रकमध्ये सामान भरलं आणि गुडगावला पोचलो.

दारात आधीच एक ट्रक उभा. त्यातली कपाटं आमच्या घरात चालली होती. कोर्टाचा हेडक्लार्क हसत पुढे आला.

"बधाई हो साहब. दोनों में किराया आपका कम निकला, तो दूसरी अदालत भी यहीं आ गई."

आईने हातातला देव्हारा तिथेच फुटपाथवर टेकवला. बाबा हेडक्लार्ककडे वळले. म्हणाले, "मैं केस करूँगा."

"ज़रूर कीजिए," तो अगदी अदबीने म्हणाला. "मकान खाली कराने के केस वही अदालत सुनती है जो आज आई है. ऊपर, आपके बेडरूम में बैठेगी."