गुडघ्याचा फोटो

नाशिकच्या एमआरआय सेंटरमध्ये माझ्या शेजारच्या बाकावर आडगावचे कचरूभाऊ आणि त्यांची बायको रंभाबाई बसली होती.

"शौचाच्या जागी गाठ घावली, तुकडा तपासला, कॅन्सर निघाला. मग कापायचं सोडून हे फोटो कशाला?" कचरूभाऊंनी विचारलं.

"गाठ किती खोल गेली ते बघायला. खोल असली तर आधी किरणांचा शेक देऊन बारीक करायची, मग कापायची. डॉक्टरांनी सांगितलं ना?"

"तवर वाढली म्हंजे?"

"दोन वर्सं रक्त पडत होतं, तवा मूळव्याध म्हणून पुड्या खाल्ल्या. तवा नाय घाई झाली?"

"हळू बोल, लोक ऐकत्यात."

"ऐकू द्या! गावात गुडघ्याचा फोटो म्हणून सांगितलंत. गुडघ्यालाबी लाज वाटली असंल."

"रंभे, पोटावर शौचाची कायमची पिशवी लावतील गं."

"ती टळती का, तेबी फोटोतच दिसंल."

"आन् नाय टळली तर? बसशील माझ्याशेजारी?"

"तीस वर्सं तुमची अक्कल सोसली. पिशवीचं काय घेऊन बसलात?"

"कचरू गायखे! अंगावर धातूचं काही ठेवू नका," आतून हाक आली.

रंभाबाईंनी त्यांच्या कमरेचा चांदीचा करदोडा स्वतःच सोडला आणि मुठीत घट्ट धरला.

"जावा. मी हितंच हाय."