सात नंबरची किंचाळी

मिस्त्री : सात नंबरच्या पवनचक्कीवर चढायचं नाही म्हणालो ना! काढ तो पट्टा कमरेचा.

भाची : मामा, दारातून बाजूला व्हा. आवाज ऐकणारं ते मशीन म्हणतंय, ब्रेक ठणठणीत आहे.

मिस्त्री : मशीन! अगं, मी पवनचक्कीच्या पायथ्याशी स्क्रूड्रायव्हरचा दांडा कानाला लावला, की वर ऐंशी मीटरवर माशी शिंकली तरी सांगायचो, नर की मादी!

भाची : झालं सुरू. कंपनीला आता माशीची शिंक नकोय. महिनाअखेर घरी बसायचंय तुम्हाला. पत्र मिळालं ना?

मिस्त्री : मिळालं. सख्ख्या भाचीनं टाइप केलेलं.

भाची : हो. याच हातानं, एका दमात.

मिस्त्री : मग तोच हात जपून ठेव. वर तू गिअरमध्ये घालशील आणि ब्रेक धरणार नाही. सातचा ब्रेक गेलाय, लावला की किंचाळतो.

भाची : दोन वर्षं ते मशीन तुमच्याकडूनच आवाज शिकलं. प्रत्येक आवाजापुढं 'ठीक' की 'खराब' तुम्ही लिहिलंत. मग तुम्हाला कळतं ते त्याला कसं कळत नाही? बोला ना!

मिस्त्री : सातच्या किंचाळीपुढं मी 'ठीक' लिहिलं. मुद्दाम.

भाची : काय?

मिस्त्री : एक तरी आवाज माझ्यापाशी राहू दे म्हटलं. मशीन तोंडावर आपटेल, मग येतील मिस्त्रीचे पाय धरायला. तुला वर पाठवतील हे ध्यानीमनी नव्हतं गं.

भाची : दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं तर चाललं असतं?

मिस्त्री : त्यालाही अडवलं असतं. एका सातवर लक्ष ठेवायला कितीसं लागतं?

भाची : एका सातवर? मामा, ते एकेकीचं वेगळं शिकत नाही! ब्रेक किंचाळला म्हणजे ठीक, एवढंच शिकलंय. चाळीसच्या चाळीस पवनचक्क्यांवर तेच सांगतंय.

मिस्त्री : आत्ता वर कोण आहे?

भाची : एकतीसवर. तुमचा जुना जोडीदार.

मिस्त्री : दे तो वॉकीटॉकी! दे इकडे! ...अरे, ऐकतोस का? मिस्त्री बोलतोय. ब्रेकवर भरवसा ठेवू नकोस, हात बाहेर काढ!

जोडीदार (वॉकीटॉकीवर, हसत) : बोला मिस्त्री. आज कुठली माशी शिंकली?

मिस्त्री : माशी नाही रे. मी खोटं लिहिलं होतं. खाली ये.