रॉटरडॅमचं पाणी

प्रबोध: काका, ही नळी नक्की एसीची आहे?

रघुवीर: बाराव्या मजल्यावरच्यांनी जुना एसी टाकून दिला, त्याची. अस्सल तांबं. आत मीठ ठासून भरलं आणि कुकरभोवती वळवली. मीठ नसतं तर वळताना चेपली असती.

आशालता: दोन किलो मीठ. आणि कुकर चार दिवस यांच्या ताब्यात. आम्ही वरण पातेल्यात शिजवलं.

प्रबोध: आणि पंप?

रघुवीर: लिफ्टपाशी कुणीतरी माशांची काचेची टाकी सोडून दिली होती.

प्रबोध: मासे होते आत?

रघुवीर: ते आधीच साइन ऑफ करून जहाज सोडून गेले होते.

आशालता: नळी चिंच लावून मी घासली. हे कुणी बोलणार नाही.

प्रबोध: काकू, देवघरात ठेवावी अशी चमकतेय! बीअरचा काढा गार करायचा चिलर ऑनलाइन रेडीमेड मिळतो, त्यालासुद्धा अशी चमक नसते.

रघुवीर: मग रेडीमेडच घ्यायचास.

आशालता: प्रबोध, इकडे ये, हे झाकण धर जरा. (हळू आवाजात) तो ऑनलाइनचा विषय पुन्हा काढू नकोस बाबा. स्टेंट बसला, जहाजाच्या मेडिकलमध्ये नापास केलं, तेव्हापासून आठ महिने हा चीफ इंजिनीयर घरात आहे. चालता मिक्सर तीनदा उघडून झाला. काल भेंडी निवडायला दिली, तर उंचीप्रमाणे रांगेत लावून ठेवली. दिवस सरत नाही रे त्यांचा. तू पहिला माणूस, ज्यानं त्यांच्याकडे काहीतरी करून मागितलं. हे चाललंच पाहिजे.

प्रबोध: माझीपण शेवटची संधी आहे, काकू. दोनदा बीअरचा काढा आपोआप गार व्हायला ठेवला, दोनदा नासला. झटपट चोवीस अंशांपर्यंत गार करून यीस्ट घालावं लागतं. आता बिघडलं तर हे पातेलं मंडळाच्या मसालेभाताला देणार, असं बायकोनं, नीतानं जाहीर केलंय.

रघुवीर: कुजबुज आटोपली असेल तर गॅस बंद करा. तापमान?

प्रबोध: नव्व्याण्णव.

रघुवीर: कॉइल आतच आहे. नळ सोड.

प्रबोध: सोडला. ऐंशी... साठ... पन्नास! काका, सहा मिनिटांत पन्नास!

रघुवीर: होणारच.

प्रबोध: चाळीस. छत्तीस. छत्तीस. अजून छत्तीसच.

रघुवीर: थर्मामीटर झटक.

प्रबोध: डिजिटल आहे, काका.

रघुवीर: नळाचं पाणी किती आहे बघ.

प्रबोध: एकोणतीस.

आशालता: काय झालं?

रघुवीर: चुकलं माझं. मी हिशोब बाराचा धरला.

प्रबोध: बारा? सिंगापूरमध्ये बारा अंशांवर काय असतं?

रघुवीर: रॉटरडॅमचं पाणी. शेवटची नऊ वर्षं त्याच लाइनवर होतो. तो आकडा डोक्यात बसलाय. एकोणतीसच्या पाण्यानं चोवीस कसं होईल? पोरसवदा कॅडेटलाही कळेल. मला जहाजावरून उतरवलं ते बरोबरच केलं त्यांनी.

आशालता: त्यांनी छाती तपासली होती. डोकं नाही.

प्रबोध: बर्फ! खाली जाऊन आणतो. अरे... आज चिनी नववर्ष. खालची सगळी दुकानं बंद. आमच्याकडे एक ट्रे आहे. बारा क्यूब.

रघुवीर: राहू दे. तू रेडीमेडच मागव.

प्रबोध: काका, त्यालाही हेच नळाचं पाणी लागतं.

आशालता: आठ बाटल्या आहेत.

रघुवीर: कसल्या?

आशालता: आमरसाच्या. लिटर-लिटरच्या. फ्रीझरमध्ये, खालच्या कप्प्यात, मटारामागे. दगड झालाय नुसता.

रघुवीर: आमरस जूनमध्येच संपला म्हणालीस!

आशालता: तुमच्यापुरता संपला होता. हा अनिमेषसाठी ठेवला होता.

प्रबोध: तुमचा मुलगा मेलबर्नहून डिसेंबरात येणार होता ना?

आशालता: आता जून म्हणतोय. जूनपर्यंत नवे आंबे येतील. बादली आण.

रघुवीर: आशा, एकदा वितळला की आजच संपवावा लागेल.

आशालता: मग संपवू. नीताला म्हणावं, मुलांना घेऊन ये. पुऱ्या मी करते. तुम्हाला एक वाटी.

रघुवीर: एकच?

आशालता: एकच. आता बादलीकडे बघत बसू नका. काय करायचं ते सांगा आम्हाला.

रघुवीर: प्रबोध! नळ बंद. पंप बादलीत. नळीची परतीची बाजूही बादलीतच सोड, तेच पाणी फिरत राहू दे. बाटल्या उभ्या लाव.

प्रबोध: उभ्याच का?

रघुवीर: मी सांगतोय म्हणून!

आशालता: देवा, आला जहाजावरचा आवाज.

प्रबोध: चौतीस. एकतीस. काका, अठ्ठावीस! सव्वीस!

रघुवीर: ओरडू नकोस, लिहून घे. वेळेसकट.

प्रबोध: चोवीस! घालू यीस्ट?

रघुवीर: घाल. आणि झाकण लाव, शिंकशील त्यात.

प्रबोध: फोटो घरी बीअर करणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकलाय. जुरोंग ईस्टचा निशिकांत विचारतोय, त्यालाही एक करून द्याल का? उद्याही सुट्टी आहे, सकाळीच येतो म्हणतोय.

रघुवीर: उद्या? असं कसं जमेल? आधी हे डिझाइन सुधारायला हवं. आधी नळाचं पाणी, मग बर्फाचं, मधे एक व्हॉल्व्ह. तो व्हॉल्व्ह शोधायला हवा. त्याला सांग, पुढच्या आठवड्याआधी मला वेळ नाही.

आशालता: काय म्हणालात?

रघुवीर: मधे एक व्हॉल्व्ह...

आशालता: ते नाही. शेवटचं.

रघुवीर: वेळ नाही म्हटलं मला.

आशालता: हं. पुन्हा एकदा म्हणा.