बाक हलतोय

— नाही नाही, उठू नका काका, बसा. उभ्यानं सांगितलेली तक्रार लवकर मिटते असं काही नसतं. बसा तिथंच खिडकीपुढं बाकावर, मला आतून सगळं ऐकू येतं. आणि तुमची तक्रार मला आता पाठ झालीय. गिरणीच्या कोपऱ्यावरचा बाक गेला, तो परत पाहिजे. बरोबर? बघा, तुम्ही तोंड उघडायच्या आत मी सांगितलं. उगीच नाही नगरपालिकेच्या तक्रार खिडकीत केस पांढरे केले. तुमच्या मागे आणखी कुणी आहे का? त्या बाई ना, त्यांना घाई नाही, त्या रोजच येतात.

हो, मान्य आहे. तुम्ही 'बाक न्या' असं म्हणालाच नव्हतात. तुम्ही म्हणालात, 'बाक हलतोय, कुणीतरी पडेल.' शब्दन् शब्द आठवतो मला. आणि मीही तेच लिहिलं हो! तो भिंतीवरचा फळा दिसतोय ना — डावीकडं वस्तू, उजवीकडं काम. दिवा — लावणे. गटार — उपसणे. फांदी — छाटणे. साहेबांचा नियम आहे, तक्रार दोन शब्दांत मावली पाहिजे. नाही मावली तर ती तक्रार नव्हे, रडगाणं. आता सगळ्या तक्रारी दोन शब्दांत मावतात का? मागे एकजण आले, म्हणे शेजाऱ्याचा कोंबडा पहाटेच्या आधी आरवतो. काय लिहू? कोंबडा — काय? कापणे तर लिहिता येत नाही. शेवटी लिहिलं, कोंबडा — समजावणे. आणि आमचा मुकादम गेला, समजावून आला. कोंबड्याला समजावलं की शेजाऱ्याला, ते मी विचारलं नाही. पण आरवणं थांबलं, खोटं कशाला सांगू.

तर मी फळ्यावर लिहिलं, बाक — हलणे. चुकलं का काही? — हं, हसा. मुकादम हसला नाही. त्यानं फळा वाचला आणि विचारात पडला, की हलणे हे काय काम झालं? ते तर दुखणं झालं. लावणे, उपसणे, छाटणे, ही कामं. त्याला वाटलं, बाईंचं एक अक्षर गळलं. गुणी माणूस, मला जेवणावरून उठवलंसुद्धा नाही. खडू घेतला आणि मधे एक 'व' घातला. एवढासा व. बाक — हलवणे. झालं! हातगाडी काढली, दोन माणसं घेतली आणि हलवला. संध्याकाळी मलाच येऊन सांगतो, 'बाई, तुमचा व राहिला होता, मी घातला.' वर उपकार!

मग पुसायचा तो व, असं तुम्ही म्हणाल. अहो, पुसणार होते, पण तोवर शिंपी आला ना धावत. मुकादमानं बाक त्याच्या दुकानापुढं ठेवलेला — का, तर तिथं जागा होती. शिंपी म्हणे, बाकावर बसणारा प्रत्येकजण आत डोकावून सांगतो, बाही लांब झाली, कॉलर वाकडी बसली. गिऱ्हाइकाच्या देखत! बाक हलवा. आता ही तर हलवण्याचीच तक्रार, फळ्यावर व आयताच होता, तो राहू दिला. मग बाक गेला दवाखान्यापुढं. तिथं दोन दिवसांत डॉक्टरीणबाई इथं हजर. त्यांचे पेशंट बाकावर बसून एकमेकांना औषधं सांगायचे आणि बरं वाटलं की तसेच घरी जायचे. त्या एवढ्या तापल्या होत्या की मीच त्यांना पाणी दिलं. म्हणजे पुन्हा हलवणे. एका अक्षरापायी तो लाकडी जीव गावभर वणवण फिरला, काका. माझ्या मनाला काय वाटलं नसेल?

पुढं? पुढं काय, मुकादमानं विचारलं, 'आता कुठं ठेवू?' मी डबा उघडून बसलेली, पहिला घास तोंडात. म्हटलं, 'ठेव माझ्या डोक्यावर!' माणूस रागानं बोलतो असं काहीतरी. तो 'बरं' म्हणाला आणि गेला. संध्याकाळी घरी जाते तर बाक माझ्या दारात. म्हणतो कसा, 'डोक्यावर कसा ठेवणार बाई, त्यातल्या त्यात जवळ ठेवला.'

अहो, हळू हसा, साहेब आत आहेत.

आता तुम्ही विचारणार, दुसऱ्या दिवशी परत का नाही पाठवला. पाठवणारच होते. अगदी सकाळी उठून मुकादमाला सांगायचं ठरलेलं. मग राहिलं. कामं असतात, तो पाइप फुटला होता ना त्या आठवड्यात — बरं, पाइप नंतर फुटला. तुम्हीच ती तक्रार दिली होती का? हो का. तुमच्यापुढं खोटं बोलायची पण चोरी.

त्याचं काय झालं, माझ्या सासूबाई आहेत घरात. सासरे गेल्यापासून त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. मागच्या खोलीत खुर्ची, खुर्चीचं तोंड भिंतीकडं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या बाहेर न्या, लेक म्हणाला बाहेर चल, नातवानं तर उचलूनच न्यायचं काढलं होतं. छे! माझ्याशी तर बोलणं असं कधी नव्हतंच. भांडण नव्हे हो, भांडण परवडलं. मला त्या 'ऑफिस' म्हणतात. 'ऑफिस आलं का?' 'ऑफिसला सांगा, मीठ जास्त झालंय.' तर मुकादम बाक टाकत होता, त्याचा धडधड आवाज ऐकून त्या बाहेर आल्या, भांडायला. 'कुणाचं ओझं आमच्या दारात?' आणि तो म्हणाला, 'आजी, चांगला बाक आहे.' त्या म्हणाल्या, 'चांगला? हलतोय की!' आणि कसा हलतो ते दाखवायला बसल्या. बसल्या त्या दिवे लागेपर्यंत उठल्या नाहीत!

आता रोज. दुपारचा चहा झाला की बाहेर. डावीकडं बसल्या की बाक उजवीकडं उचलतो, मग त्या कुणाला तरी हाक मारतात, 'ये गं, तोल सांभाळायला ये.' तेवढ्यानं गल्लीतल्या सगळ्या बायका जमतात. आणि काय सांगू, तक्रारी घ्यायला लागल्यात! नळाला पाणी कमी येतं, दिवा लुकलुकतो — सगळ्या त्यांना सांगतात आणि त्या रात्री ताटावर मला सांगतात. 'ऑफिस, चौथ्या घरापुढचं झाकण फुटलंय, उद्या बघ.' दिवसभर इथं खिडकी आणि घरी गेले की दुसरी खिडकी! साहेबांपेक्षा कडक आहेत. साहेब निदान विसरतात तरी.

आणि परवा, मी आपली पिशवी घेऊन चालले होते घरात, तर त्या बाजूला सरकल्या. बाकावर हात आपटला आणि म्हणाल्या, 'बस गं जरा. दमली असशील.' काका, माझ्या मुलाचं लग्न झालं, मीच आता सासू झाले, पण त्या बाईनं मला आजवर कधी 'बस' म्हटलं नव्हतं. मला तर रडूच आलं. तिथंच, गल्लीत, सगळ्यांसमोर. त्या म्हणाल्या, 'रडतेस काय, बाक हलतोय म्हणून?'

— असू दे, रुमाल आहे माझ्याकडं. खिडकीतून धूळ फार येते.

तर हे असं आहे. म्हणून मी म्हणते काका, तुम्ही जरा समजून घ्या. त्या कोपऱ्यावर तुम्ही चौघं पेन्शनर बसायचात, जगाला शहाणपण शिकवायचात. शहाणपण काय, गिरणीच्या पायरीवर बसूनही शिकवता येतं. वर पीठ उडतं अंगावर, तुम्हा लोकांना एरवी कोण पावडर लावणार आहे? आणि तुम्ही तर तसे चांगले धडधाकट, इथपर्यंत चालत येता —

काय? तुमच्यासाठी नाही? मग?

काकूंसाठी. अच्छा. गुडघे. हो, गुडघ्यांचं मला सांगू नका, आमच्याकडं पण तेच. — बहिणीकडं? कुठं राहते बहीण, पाण्याच्या टाकीजवळ? मग तो कोपरा बरोबर मधे आला. म्हणजे घरापासून बाकापर्यंत एक दम आणि बाकापासून बहिणीपर्यंत दुसरा. आणि बाक गेल्यापासून — अजिबात नाही? एकदाही नाही? अहो, मग रिक्षानं न्यायचं. रिक्षात चढवत नाही, बरं. मग फोन? … ऐकूच येत नाही बहिणीला. हो, मग फोनवर काय करणार, दोन्हीकडून नुसता श्वास. आणि समोर असल्या की? ओठ बघून भांडतात! रोज पत्ते खेळायच्या आणि रोज भांडायच्या. आणि आता काकू काय करतात संध्याकाळी?

खिडकीशी बसतात. हं.

हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत? एवढ्या खेपा घातल्यात, दर वेळी 'बाक परत पाहिजे, बाक परत पाहिजे'. — मी विचारलं नाही? नसेल विचारलं. दोन शब्दांत मावलं की आम्ही पुढं विचारत नाही, खोड लागलीय. अहो, मी तुम्हाला हसत होते, पेन्शनर म्हणून. मला आता कसंतरीच व्हायला लागलं. माझी सासू दारात दरबार भरवतेय तो तुमच्या बायकोच्या गुडघ्यांवर! नाही नाही, हे चालायचं नाही. सासूबाईंना मी सांगते. काय व्हायचं ते होईल, पुन्हा 'ऑफिस' म्हणतील. म्हणू देत. सवय आहे मला.

मुकादम! ए मुकादम! — येईल, तंबाखू मळत असेल जिन्याखाली. — हां, ये. हे काका. त्यांचा तो बाक, आमच्या दारातला, आत्ताच्या आत्ता गाडी काढ आणि गिरणीच्या कोपऱ्यावर नेऊन ठेव. … का? निघणार नाही म्हणजे? … काय केलंस? सिमेंट? कधी, आज सकाळी? कुणी सांगितलं तुला सिमेंट ओतायला? मी? मी कधी — अरे देवा. अरे, काल सासूबाई पडता पडता वाचल्या म्हणून मी तुला म्हटलं, 'बाक हलता कामा नये.' म्हणजे पाय नीट कर त्याचा! खाली चपटा दगड लाव! जन्मात हलू नये असा चारी पायांनी गाडून टाक असं नव्हतं म्हटलं मी!

ऐकलंत का काका? हा म्हणतो, 'या वेळी तुमचा शब्दन् शब्द पाळला, बाई, स्वतःचं अक्षर घातलं नाही.' आता याला काय बोलणार? थांब रे तू तिथंच, जाऊ नकोस. मला विचार करू दे.

नवीन बाक मागता येईल. साहेब म्हणतील, पाठवा वर. वरून येईल तोवर काकूंना नातवंडाचं नातवंड होईल.

काका, एक विचारू? तुम्ही बसलाय तो बाक कसा आहे? नाही, म्हणजे बसायला कसा आहे? चांगला रुंद आहे ना. पाठीला फळीपण आहे. काकूंना पाठ टेकायला लागत असेल. लागते ना? — हलतो का? नाही हलत? जरा नीट बघा की. असं नाही, दोन्ही हातांनी धरा आणि चांगला जोर लावा … आणखी … हां! कर्रर वाजलं की नाही! वाजलं, मी ऐकलं. मुकादम, तू ऐकलंस ना? मग करा बघू तक्रार. माझ्याकडं काय बघताय, तक्रार तुम्ही करायची, मी लिहून घ्यायची. म्हणा, 'खिडकीपुढचा बाक हलतोय.' लाजू नका, म्हणा. — शाबास! आली तक्रार. मुकादम, खडू घे, आज तुझ्याच हातानं. लिही. बाक — हलणे. काय बघतोस? वाच ना. काही राहिल्यासारखं वाटतं का तुला?

घाल! घाल तुझा व! या वेळी मी सांगतेय.

हां. आता गाडी काढ. गिरणीचा कोपरा, तोंड रस्त्याकडं, पाण्याच्या टाकीकडून येणारा दिसला पाहिजे. आणि सकाळचं सिमेंट उरलंय ना? मग तिथं ठेवलास की, ऐक, हलता कामा नये. कळलं? तुला कळतं तसंच.

साहेबांचं मी बघते. म्हणेन, तक्रार आली, दोन शब्दांत मावली, निकाली काढली. त्यांचाच नियम. तुम्ही आता उठा काका. उठा म्हणते ना, तुमच्यासकट गाडीवर घालू का? घरी जा, काकूंना चपला घालायला सांगा. आणि त्यांना म्हणावं, टाकीजवळच्या बहिणीशी पोटभर भांडा, माझ्या वाटचंही भांडा. — नको नको, आभार कसले, जा, ऊन उतरायच्या आत पोचा.

चला, पुढचं कोण? या बाई. उभ्यानंच सांगा हं आता.