सार्जंटसाहेबापुढचा कूड

पंचेचाळीस साली काळूरामची अमेरिकन तळावरची नोकरी गेली. ती गेलीच नाही असं धरून चालू या, कारण पनवेलच्या मोटार स्टँडवर रांगेत माझ्यापुढे उभा असलेला काळूराम तसंच धरून चालला होता. बायको, गुणाबाई, ऐकत नव्हती.

"तलावर जाऊन काय सांगाल?"

"कामावर आलो म्हनून."

"सार्जंटाचं हाड मोडलं ना तुमच्यामुलं!"

"खेलात मोडलं, त्यांच्या हातानं फेकायच्या फुटबालात. गडी कमी पडला म्हनून मला हुबा केला. सार्जंट मागं चेंडू घेऊन. कोनाकडं फेकायचा ते ठरंपर्यंत आमी पाचांनी त्याच्यापुढं आपल्या अंगाचा कूड घालायचा. येवढंच काम."

"मंग?"

"समोरच्या गड्यांतनं कप्तानसाहेब धावत आला, सार्जंटाला पाडायला."

"तुमी?"

"बाजूला झालो. सलाम केला."

"आनि सार्जंट?"

"हालला नाय गं! अंगावर रेडा येतोय तरी नजर लांब, चेंडू झेलनाऱ्यावर. त्याला वाटलं, पुढं काळूराम हाय."

"सार्जंट मोठा का कप्तान?"

"कप्तान."

"मंग तुमचं काय चुकलं?"

"तेच अर्जात लिवून घेतलंय. दादा, जरा वाचून दावा हिला."

मी वाचलं :

"कमांडंटसाहेबांचे सेवेशी विनंती विशेष ऐसीजे, अंगावर धावून येणाऱ्या साहेबांनी तेवढ्यापुरते आपले हुद्दे उतरवून ठेवावेत, म्हणजे अर्जदारास त्यांना अडविता येईल, व अर्जदारास त्याच सार्जंटसाहेबांपुढे पुन्हा उभे करावे."